तेल-मेण व तोफांचे काने : मावळांतील गडांवरील शस्त्ररक्षणाविषयीं कांहीं विचार

गडकोटांचे जुने जमाखर्च वाचतांना ‘तेल’ हा शब्द आला कीं वाचणाराची दृष्टि त्यावरून सहज घसरते. दिवाबत्तीचें तेल असेल असें मनांत म्हणून तो पुढील कलमाकडे वळतो. परंतु गडावर चढणारें सर्वच तेल दिव्यांत जळत नसे. त्यांतील कांहीं लोखंडाच्या अंगास लागत असे. आणि तें कोणतें घ्यावें, कशांत मिसळावें, केव्हां व कोठें लावावें, या निवडीवर गडाची तोफ आश्विनांत वाजणार कीं नाहीं हें ठरत असे. लढायांचीं वर्णनें आमच्याकडे विपुल आहेत. लढाई नसतांना आठ महिने व पावसाचे चार महिने हत्यार कसें राखलें जाई याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाहीं. तो येथें करावयाचा आहे.

या विचारास मावळासारखें दुसरें क्षेत्र नाहीं. इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांवर लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे चार गड, आणि घाटाच्या तोंडाशीं राजमाची, असा हा पट्टा आहे. पुणें शहरीं वर्षाकाठीं तीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस पडतो. तेथून चाळीस मैलांवर असलेल्या लोणावळ्यास तो दीडशे इंचांची मर्यादा ओलांडतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत गडांचे माथे ढगांत बुडालेले असतात. तेथें पाणी नुसतें वरून पडत नाहीं, तें हवेंतच उभें असतें. रात्रीं गार झालेल्या तोफेच्या अंगावर सकाळीं पाण्याचे थेंब धरतात, आणि नळींत एकदां शिरलेली दमट हवा तेथेंच कोंडून राहते. लोखंडास गंज चढण्यास पाणी व हवा हीं दोन्ही लागतात. मावळांतल्या गडावर चार महिने या दोहोंचा तुटवडा नसतो. म्हणून लोखंड व हवा यांच्यामध्यें कांहीं तरी पडदा धरणें, एवढाच उपाय उरतो.

हा पडदा कशाचा असावा याविषयीं स्पष्ट लिखित आज्ञा आपणांस एके ठिकाणीं सांपडते. रामचंद्रपंत अमात्य यांनीं कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नांवें इ. स. १७१५ त, म्हणजे शके १६३७ त, सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत दुर्गांचें प्रकरण आहे, तें सर्वांच्या परिचयाचें आहे. तट, बुरूज, पाणी, झाडें यांविषयींचीं त्यांतील वाक्यें वारंवार उद्धृत होतात. त्याच प्रकरणांत पर्जन्यकाळासंबंधीं जें सांगितलें आहे त्याचा आशय असा : तोफांस व दरवाजांस तेल-मेण द्यावें, तोफांचे काने मेणानें बुजावे, आणि वरून आच्छादन घालून त्या वायां जाऊं देऊं नयेत. दारूखान्याविषयींही तेथें सांगितलें आहे कीं, तो वस्तीस लागून नसावा, आणि दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारूचीं मडकीं, बाण इत्यादि सामान बाहेर काढून उन्ह द्यावें व पुनः मुद्रा करून ठेवावें.

यावर एक आक्षेप संभवतो. आज्ञापत्र निघालें तेव्हां मावळ कोल्हापूरकरांच्या ताब्यांत नव्हता. इ. स. १७१३ त कान्होजी आंग्रे यांनीं लोहगड घेऊन बहिरोपंत पिंगळे यांस तेथें अटकेंत ठेवलें होतें, आणि पुढील वर्षीं लोणावळ्याजवळ वळवण येथें बाळाजी विश्वनाथ व कान्होजी यांचा तह होऊन तो मुलूख शाहू महाराजांच्या पक्षाकडे आला. तेव्हां ही आज्ञा लोहगडच्या हवालदारानें वाचली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु अमात्यांनीं ही रीति १७१५ सालीं नवी काढलेली नाहीं. ते शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले. गडांचा बंदोबस्त त्यांनीं थोरल्या महाराजांच्या हयातींत डोळ्यांनीं पाहिलेला. त्यांनीं लिहून ठेवली ती चालत आलेली वहिवाट, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस पन्हाळ्यास एक व लोहगडास दुसरा असा नियम पाळीत नाहीं.

आतां त्या छोट्या आज्ञेकडे थोडें बारकाईनें पाहूं. तोफेच्या अंगास तेल व मेण दोन्ही सांगितलीं आहेत. कान्यास मात्र एकटें मेण. हा भेद लेखणीच्या ओघांत पडलेला नसावा. तोफेच्या अंगावर नुसतें तेल लावलें तर तें पहिल्या आठवड्याच्या पावसांत ओघळून खालीं जाईल. नुसतें मेण गार लोखंडास नीट चिकटत नाहीं, त्यास भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पाणी आंत शिरतें. दोन्ही एकत्र कढविलीं म्हणजे मलमासारखा पदार्थ होतो. त्यांतील तेल लोखंडाच्या खरबरीत अंगांत शिरतें व मेण त्यास वर धरून ठेवतें. काना हा बत्ती देण्याचा मार्ग. तेथें तेल गेलें तर तें आंत पाझरून दारू भिजवील, आणि ऐन वेळीं रंजक फुसका जाईल. म्हणून तेथें घट्ट मेणाचें बूच. तें सुईनें टोंचून काढलें कीं मार्ग मोकळा. दरवाजांचीं नांवें तोफांच्या बरोबरीनें आलीं आहेत, त्याचेंही कारण उघड आहे. दरवाजांस लोखंडी अणकुच्या, कड्या, बिजागऱ्या व पट्ट्या असतात, आणि त्यांखालीं लांकूड असतें. लोखंड गंजून फुगलें म्हणजे लांकूड फुटतें.

‘काना’ या शब्दाविषयीं येथें दोन ओळी लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. शुक्रनीतींत नालिकास्त्राचें जें वर्णन आहे त्यांत बत्ती देण्याच्या छिद्रास ‘कर्ण’ म्हटलें आहे, व त्यांत घालावयाच्या बारीक दारूस ‘कर्णचूर्ण’ असें नांव आहे. शुक्रनीतीचा हा भाग फार अर्वाचीन आहे, असें बहुतेक विद्वान् मानतात, आणि तें आम्हांसही मान्य आहे. त्यावरून भारतांत प्राचीन काळीं तोफा होत्या असें सिद्ध करूं पाहणारांचा पक्ष आम्ही घेत नाहीं. उलट आमचा तर्क असा कीं, संस्कृत लिहिणारानें देशभाषेंतला ‘काना’ ऐकून त्याचा ‘कर्ण’ केला असावा. परंतु त्याच ठिकाणीं नालास्त्र भरण्याचा जो क्रम दिला आहे तो ध्यानांत घेण्यासारखा आहे : प्रथम शोधन, मग अग्निचूर्ण, मग गजानें ठासणें, मग गोळा, आणि शेवटीं कर्णचूर्ण. शोधन पहिलें आहे. ज्यानें हें लिहिलें त्यानें मळलेली बंदूक पाहिलेली होती.

तेल कोणतें, हें अमात्य सांगत नाहींत. तें सांगण्याची त्यांस गरजही नव्हती. गडाखालच्या घाण्यावर जें निघे तेंच येणार. तरी प्रत्येक तेलाचा स्वभाव भिन्न असतो, आणि शस्त्ररक्षणाचें सारें मर्म या भेदांत आहे. वैद्यकांत स्नेह चार प्रकारचे मानले आहेत : घृत, तैल, वसा व मज्जा. रसायनशास्त्र तेलांची आणखी एक वर्गवारी करतें. कांहीं तेलें हवेंतील प्राणवायु ओढून घेऊन घट्ट होतात व त्यांची साय धरते. कांहीं तशींच पातळ राहतात. हा गुण आयोडीन-अंकानें मोजतात. अंक जितका मोठा तितकें तेल लवकर वाळणारें. जवसाचा अंक पावणेदोनशेंच्या वर जातो, करडईचा एकशें चाळिसाच्या सुमारास असतो, कारळ्याचा त्याहून किंचित् कमी, तिळाचा एकशें दहाच्या आसपास, भुईमुगाचा व एरंडाचा नव्वदाच्या सुमारास, आणि खोबरेलाचा अवघा दहाच्या आंत.

मावळच्या वरकस जमिनींत कारळें पिकतें. डोंगरउतारावर त्याचीं पिवळीं फुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस तें वेगळें सांगावयास नको. तेव्हां या गडांवर कारळ्याचें, तिळाचें व देशावरून आलेलें करडईचें तेल सुलभ, हें धरून चालण्यास हरकत नाहीं. करडईचें तेल वाळणारें आहे. तें बराच वेळ कढविलें म्हणजे दाट, चिकट, पाण्यास न जुमानणारा पदार्थ होतो, आणि विहिरीच्या मोटेस व नाड्यास तो लावण्याची चाल दक्षिणेंत जुनी आहे. तोफेच्या बाहेरच्या अंगास असें तेल मेणाबरोबर गेलें तर तें हितकरच. साय धरते ती एक प्रकारचें रोगणच होते. परंतु हेंच तेल बंदुकीच्या कळेंत गेलें तर अनर्थ होतो. चकमकी बंदुकीची कमान व घोडा हे क्षणांत सुटावे लागतात. वाळणाऱ्या तेलाचा राप तेथें बसला म्हणजे घोडा संथ पडतो, गारेचा आघात बोथट होतो व ठिणगी उडत नाहीं. तोड्याच्या बंदुकीस हा धाक कमी. तिची कळ साधी, आणि जळता तोडा रंजकावर टेकविण्यापलीकडे तिला कांहीं करावयाचें नसतें. जुने बरकंदाज तोड्याची बंदूक सोडावयास नाखूष असत, त्याच्या अनेक कारणांत हेंही एक असावें असें आम्हांस वाटतें.

खोबरेल वाळत नाहीं, म्हणून तें उत्तम, असें कोणी म्हणेल. घाटाखालीं तें खरें आहे. परंतु खोबरेल शंभर अंशांच्या उष्णमापकावर चोविसाच्या खालीं थिजतें. पौषांत लोणावळ्याची पहांट त्याच्या कितीतरी खालीं असते. ज्या पहारेकऱ्यानें कोंकणांतून आणलेलें खोबरेल कळेस चोपडलें त्यास पहांटेच्या छाप्याच्या वेळीं आपली बंदूक गोठलेली आढळेल. तूप तर त्याहून वाईट. तें खवट होतें, आणि खवटपणांतील आम्ल तांब्या-पितळेस खाऊन हिरवा कळंक आणतें. एरंडेल जाड व न वाळणारें. गाडीच्या आंसास तें वंगण म्हणून वापरतात तें योग्यच आहे, आणि तोफेच्या गाड्याच्या आंसासही तेंच योग्य. म्हणजे एकाच तोफखान्यांत तोफेच्या अंगास एक, कान्यास दुसरें, आंसास तिसरें व शिपायाच्या बंदुकीच्या कळेस चौथें, असे चार स्नेह लागणार. ‘तेल’ या एका शब्दांत हे सारे दडलेले असतात.

मेणाचा विचार थोडक्यांत आटोपतां येईल, कारण त्यांत निवड करावयाची नाहीं. संस्कृतांत त्यास सिक्थ व मधूच्छिष्ट म्हणतात. मध काढून घेतल्यावर जें उष्टें राहतें तें मधूच्छिष्ट. नांवांतच त्याची उत्पत्ति आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माशीचीं पोळीं लागतात, आणि तीं काढण्याची विद्या कोळी, ठाकर व कातकरी यांच्या हातीं. मेण वितळण्यास बासष्ट-त्रेसष्ट अंश उष्णता लागते. चरबी चाळीस-पंचेचाळिसांवर पातळ होते. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत तापलेल्या लोखंडावरून चरबी वाहून जाईल तेव्हां मेण जागेवर असतें. शिवाय मेण खवट होत नाहीं. वैद्य ज्यास सिक्थतैल म्हणतात तें तिळेल व मेण यांचेंच केलेलें असतें. जखमेवर बसणारें मलम आणि तोफेवर बसणारें मलम हीं सख्खीं भावंडें आहेत.

वर जें सांगितलें तें साठवणीचें. डागलेल्या नळीचा प्रश्न निराळा. सोरा, कोळसा व गंधक यांची दारू जळाली म्हणजे तिचें निम्म्याहून अधिक वजन घन मळाच्या रूपानें मागें राहतें. त्यांत क्षार असतात. ते हवेंतलें पाणी ओढून घेतात, आणि मावळांतल्या हवेंत एका रात्रींत नळीच्या आंत तांबूस ओल सुटते. या मळावर नुसतें तेल फिरविणें म्हणजे रोग्यास न्हाऊं न घालतां अत्तर लावण्यासारखें आहे. क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. म्हणून आधीं ऊन पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल, हाच क्रम. शुक्रनीतिकाराचें ‘शोधन’ येथें पुनः आठवतें.

साठवणीचा लेप व वापराचें तेल यांतील हा भेद ध्यानांत आला म्हणजे खंडेनवमीचा एक व्यावहारिक अर्थ उलगडतो. आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रें काढून, पुसून, मांडून पूजावयाचीं, आणि दुसरे दिवशीं सीमोल्लंघन. चार महिने ज्या शस्त्रावर तेल-मेणाचा थर आहे तें तसेंच उचलून लढाईस नेतां येत नाहीं. थर काढावा लागतो, नळी स्वच्छ करावी लागते, कान्याचें मेण उकरावें लागतें. हें काम करावयास एक ठरलेला दिवस हवा, आणि तो दिवस पाऊस सरल्यावर व मोहीम निघण्यापूर्वीं हवा. व्रताचा उगम यांतच आहे असें आमचें म्हणणें नाहीं. धर्मकृत्यास दुसरीं मुळें असतात. परंतु ज्या सैन्यांत प्रत्येक हत्यार वर्षांतून एकदां तरी हातीं घेऊन उजेडांत पाहिलें जाई त्या सैन्याचें लोखंड टिकलें, यांत नवल नाहीं.

मावळांतली प्रसिद्ध लढाई पौषांतली, म्हणजे कोरड्या दिवसांतली आहे. इ. स. १७७९ च्या जानेवारींत इंग्रजांची फौज बोरघाट चढून आलेली होती. कार्ल्यापाशीं कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास आपले लोक इष्टुर फांकडा म्हणत, तो पडला. तळेगांवाहून माघार घेतांना ११ तारखेच्या रात्रीं इंग्रजांनीं आपल्या जड तोफा तेथील तळ्यांत लोटल्या व सामान जाळलें, आणि थोड्याच दिवसांत वडगांवचा तह झाला. शत्रूच्या हातीं तोफ जाऊं नये म्हणून तिला पाण्यांत टाकणें, हें तेल-मेणाच्या विद्येचें उलटें टोंक होय.

पुढें इ. स. १८१८ च्या मार्चांत लेफ्टनंट कर्नल प्रॉथर यानें विसापूर व लोहगड घेतले, आणि या गडांवरची शस्त्ररक्षणाची वहिवाट संपली. परंतु तेल-मेणाची कथा येथें संपत नाहीं. तिचें सर्वांत मोठें प्रकरण एकोणचाळीस वर्षांनंतर, मावळापासून फार दूर, कलकत्त्याजवळ दमदम येथें घडावयाचें होतें.

तोंवर स्नेहाचें काम लोखंड राखण्याचें होतें. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकींत गोळी सैल बसे. तिला वंगणाची अपेक्षा नसे. एनफील्ड रायफलीच्या नळींत आंटे होते, गोळी घट्ट बसे, आणि दारूच्या मळानें चार-दोन बारांनंतर ती आंत उतरेनाशी होई. म्हणून काडतुसाच्या कागदास गोळीच्या भागीं चरबी-मेणाचा लेप देत. हीं काडतुसें दांतांनीं फोडावयाचीं. इ. स. १८५३ त तीं हिंदुस्थानांत प्रथम आलीं तीं या हवेंत लेप टिकतो कीं नाहीं एवढें पाहण्यासाठीं. त्याच वर्षीं कर्नल टकर या अधिकाऱ्यानें सरकारास कळविलें होतें कीं, लेपांत आक्षेपार्ह कांहीं नाहीं अशी खात्री झाल्यावांचून तीं देशी पलटणींस देऊं नयेत. लेप टिकतो कीं नाहीं हें पाहिलें गेलें. तो कशाचा आहे हें पाहिलें गेलें नाहीं. चरबी कोणत्या पशूची, याची चौकशी कंत्राटदाराकडे कोणी केली नाहीं.

इ. स. १८५७ च्या जानेवारींत दमदमच्या शिपायांनीं तक्रार केली तेव्हां त्यांस विचारण्यांत आलें कीं, मग तुम्हांस काय चालेल? त्यांचें उत्तर आमच्या विषयाच्या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचें आहे. ते म्हणाले, मेण व तेल. त्या महिन्याच्या २७ तारखेस सरकारनें हुकूम काढला कीं, काडतुसें लेपावांचून द्यावीं, आणि शिपायांनीं स्वतःच्या हातानें आपल्यास रुचेल तो लेप लावावा. म्हणजे अमात्यांनीं तोफांसाठीं एकशें बेचाळीस वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेली जोडीच सरकारनें मान्य केली. पण तोंवर संशय लेपावरून कागदावर गेला होता. कागदाच्या चकाकींतही चरबी दिसूं लागली होती. २९ मार्चास बराकपुरास मंगल पांडे यांनीं शस्त्र उचललें, आणि १० मे रोजीं मेरठ पेटलें. मेरठच्या ज्या पंचाऐंशी स्वारांनीं २४ एप्रिलास काडतुसें नाकारलीं तीं काडतुसें तर जुन्याच तऱ्हेचीं होतीं. बंडाचीं कारणें अनेक, आणि एकट्या चरबीवर तें लादणें हा भोळेपणा होईल. तरीही एवढें खरें कीं, हिंदु व मुसलमान दोघांसही चालणारा, खवट न होणारा, उन्हांत न वाहणारा पदार्थ या देशांत शतकांपासून वापरांत होता, आणि ज्यांच्या हातांत बंदूक द्यावयाची त्यांस तो ठाऊकही होता. त्यांस आधीं विचारलें गेलें नाहीं. पुढें विलायतेंतही चरबी कमी करून मेणाचें प्रमाण वाढवावें लागलें, तें धर्माच्या कारणानें नव्हे. उष्ण देशांत चरबी गोळीवरून वितळून जाई म्हणून.

या काडतुसांची हकीकत मराठींत ज्यांस वाचावयाची असेल त्यांनीं वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. चिंतामण विनायक वैद्य यांनीं तो इ. स. १९०७ त छापला. वरसई पेणजवळ, म्हणजे आमच्या मावळाच्या घाटाखालींच. यज्ञाच्या दक्षिणेसाठीं निघालेला भिक्षुक बंडांत सांपडला, आणि तुपाच्या आहुतीच्या ओढीनें निघालेल्या त्या ब्राह्मणास चरबीच्या वार्तेंतून वाट काढावी लागली, हा योग विलक्षण खरा.

इ. स. १८६३ त बोरघाटांतून आगगाडी चालूं लागली. त्याच सुमारास खनिज तेलांचें युग येत होतें. ब्रह्मदेशांतील विहिरींतून निघणारें तेल शुद्ध करून ‘रंगून तेल’ या नांवानें लष्करांत बंदुकांस लावूं लागले. खनिज तेल वाळत नाहीं, खवट होत नाहीं, आणि कोणा पशूच्या देहांतून येत नाहीं. मात्र काळ्या दारूच्या मळाशीं त्याचा मेळ बसत नाहीं. मळ डांबरासारखा कडक होतो. त्या जातीच्या बंदुकीस जुनें मेण-तेलच श्रेयस्कर. धुराविना जळणारी दारू आल्यावर हा प्रश्न मिटला. तथापि जुन्या टोप्यांतील क्षाराचा अंश नळींत राही, व त्यास पुनः ऊन पाणीच लागे. तेलानें तो जात नसे. लोणावळ्यास इ. स. १९४५ पासून आरमाराची ‘शिवाजी’ नांवाची यंत्रविद्येची शाळा आहे. तेथील विद्यार्थ्यांस वंगणाचें शास्त्र शिकावें लागतें. त्यांच्या खिडकींतून दिसणाऱ्या डोंगरांवर तेंच शास्त्र दुसऱ्या शब्दांत चालत होतें.

आतां संग्राहकांसाठीं थोडें. एखाद्या गडाचा जमाखर्च हातीं आल्यास तेलाच्या कलमाशेजारीं काय आहे तें पाहावें. वाती व समया असतील तर तेल दिव्याचें, पोत व पलिते असतील तर मशालीचें. परंतु मेण, चिंध्या, राळ हीं जवळ असतील, आणि महिना वैशाख-ज्येष्ठाचा असेल, तर तें तोफखान्याचें असण्याचा संभव फार. वजनें व दर उतरून घ्यावे. मेण व तेल यांचें प्रमाण अशा कागदांतूनच कधींतरी निश्चित होईल.

दुसरी सूचना घरांतल्या शस्त्रांची. पूर्वजांच्या बंदुकीस व तरवारीस दसऱ्याच्या दिवशीं जवसाचें किंवा करडईचें तेल चोपडण्याची चाल कांहीं घरांत आहे. त्याचा पिवळा राप बसतो, आणि त्याखालीं ओल राहिली असेल तर गंज आंतल्या आंत चालतो. घासलेट चोळल्यानें गंज सुटतो, पण तें उडून जातें व मागें कांहीं ठेवीत नाहीं. अशा तेलकट चिंध्या कागदांच्या रुमालांशेजारीं कपाटांत कोंबूं नयेत. वाळणाऱ्या तेलाची चिंधी दाबून ठेवली तर प्राणवायु ओढतांना ती स्वतः तापते, आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनीं आपोआप पेट घेतल्याचीं उदाहरणें जगभर आहेत. एका कपाटांत बंदूक व बखर ठेवणारांनीं हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट गडावरच्या तोफांची. पुणें जिल्ह्याचें गॅझेटियर इ. स. १८८५ त निघालें. त्यांत विसापुरावरील एका लोखंडी तोफेची नोंद आहे. तिच्यावर ट्यूडर घराण्याचें गुलाबपुष्प व मुकुट असून दोन्ही बाजूंस इ व आर अशीं इंग्रजी अक्षरें आहेत. म्हणजे ती एलिझाबेथ राणीच्या काळची. आंग्र्यांनीं एखाद्या इंग्रजी जहाजावरून ती घेतली असावी किंवा पेशव्यांस ती नजर आली असावी, असा तर्क तेथेंच केला आहे. ती पुनः गाड्यावर चढूं नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचे आडवे खुंट फोडून टाकलेले आहेत, असेंही तेथें लिहिलें आहे. अशी तोफ जमिनीवर पडून राहते, तिच्या पोटाखालीं पाणी सांचतें, आणि तोंडांतून व कान्यांतून शिरलेला पाऊस नळींत राहतो.

११ जुलै २०२५ रोजीं ‘मराठा लष्करी भूदृश्यें’ या नांवानें बारा दुर्ग जागतिक वारशाच्या यादींत आले, त्यांत लोहगड आहे. विसापूर त्यांत नाहीं. यादींत असो वा नसो, उत्साही मंडळी अशा तोफांस काळा रंग देतात, कोणी खोबरेल ओततात. रंगाखालीं क्षार व ओल कोंडली कीं पापुद्रे सुटतात. वस्तुसंग्रहालयांतील जाणकार आज जें करतात तें असें : प्रथम सुटा गंज व क्षार काढणें, मग पूर्ण कोरडें करणें, मग टॅनिनाचें पाणी देणें, आणि शेवटीं मेणाचा पातळ थर. टॅनिन हिरड्यांत भरपूर असतें. लोखंडाशीं मिळून त्याचा काळा पदार्थ होतो, आणि लोहाच्या काळ्या शाईचाही तोच पाया आहे. मेण आज खनिज तेलापासून केलेलें वापरतात, मधमाशीचें नव्हे. विसापुरासारख्या जागीं याशिवाय तीन गोष्टी कराव्या लागतील. तोफ जमिनीपासून उचलून दगडी बैठकीवर किंचित् उतरती ठेवावी, म्हणजे नळींतलें पाणी तोंडावाटे निघून जाईल. नळी कोरडी झाल्यावर ज्येष्ठाच्या आरंभीं तोंडास लांकडाचें बूच बसवावें. आणि काना मेणानें बुजावा.